निर्देशिका सेवेतील नोंद हटवताना येणारी परवानगी-त्रुटी

निर्देशिका सेवेतील नोंद हटवताना येणारी परवानगी-त्रुटी म्हणजे संगणक-जाळ्यातील वापरकर्ते, संगणक, गट, छपाईयंत्रे यांची मध्यवर्ती नोंदवही सांभाळणाऱ्या प्रणालीने एखादी नोंद काढून टाकण्याची विनंती अधिकाराच्या कारणावरून नाकारणे होय. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या सेवेत ही त्रुटी बहुधा 'ॲक्सेस इज डिनाइड' या संदेशाने दिसते. एलडॅप या प्रमाण संवादनियमात तिचा क्रमांक ५० आहे. त्रुटी आली म्हणजे विनंती करणाऱ्याकडे अधिकार कमी आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात सर्वोच्च प्रशासकालाही ती येते, आणि तिचे कारण अनेकदा हटवायच्या नोंदीत नसून तिच्या वरच्या किंवा खालच्या नोंदीत असते. त्यामुळे अधिकार वाढवत नेणे हा तिचा उपाय क्वचितच ठरतो.

निर्देशिका सेवा आणि नोंदींचे झाड

निर्देशिका सेवांची मांडणी एक्स.५०० या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकातून आली. त्या प्रमाणकातील संवादनियम वजनदार असल्याने मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती, म्हणजे एलडॅप, तयार झाली व १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने नेटवेअर ४ सोबत आपली निर्देशिका सेवा बाजारात आणली. ॲक्टिव्ह डिरेक्टरी फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सर्व्हरसोबत आली. तिच्यात एलडॅपचा आधार घेतलेला असला, तरी परवानग्यांची पद्धत मात्र विंडोज एनटीच्या फाइल-सुरक्षेतून घेतलेली आहे. पुढील बहुतेक गुंतागुंतीचे मूळ या दुहेरी वारशात आहे.

या सर्व सेवांमध्ये नोंदी झाडासारख्या रचलेल्या असतात. प्रत्येक नोंदीला, तांत्रिक भाषेत ऑब्जेक्टला, एक पालक-नोंद असते आणि तिच्याखाली अपत्य-नोंदी असू शकतात. खाती व संगणक ठेवण्यासाठीच्या कप्प्याला ऑर्गनायझेशनल युनिट, संक्षेपाने ओयू, म्हणतात. उदाहरणादाखल यवतमाळ जिल्ह्याएवढ्या कार्यक्षेत्राच्या एका काल्पनिक कार्यालयाची निर्देशिका पाहता येईल. तिच्यात 'यवतमाळ' नावाचा एक ओयू, त्याखाली पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, घाटंजी, राळेगाव असे जिल्ह्यातील १६ तालुक्यांचे १६ ओयू, आणि प्रत्येक तालुक्यात कर्मचाऱ्यांची खाती व संगणक, अशी रचना होईल. जिल्हा मुख्यालयातील खाती थेट 'यवतमाळ' ओयूमध्येच ठेवली आहेत, असेही मानावे. पुढे याला महत्त्व येते.

नोंदीचे पूर्ण नाव तिच्यापासून मुळापर्यंतच्या सर्व नावांची साखळी असते. केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे आहे. कोणी ओयूचे नाव तालुक्यावरून ठेवील, कोणी गावावरून. पुढे ते बदलले, तर त्याखालच्या प्रत्येक नोंदीचे पूर्ण नाव बदलते, आणि जुन्या नावाने लिहून ठेवलेली हटवण्याची आज्ञा 'अशी नोंद नाही' या ३२ क्रमांकाच्या त्रुटीने थांबते. नोंदीची खरी ओळख तिच्या नावात नसते. ती निर्मितीच्या वेळी मिळणाऱ्या आणि कधीही न बदलणाऱ्या जागतिक ओळख-क्रमांकात असते. खाती, संगणक व सुरक्षा-गट यांना याशिवाय सुरक्षा-क्रमांकही असतो, आणि परवानग्या या सुरक्षा-क्रमांकाला दिलेल्या असतात.

हटवण्याचा अधिकार कोठे तपासला जातो

प्रत्येक नोंदीसोबत एक प्रवेश-नियंत्रण यादी असते. यादीतील प्रत्येक ओळ कोणाला, कोणती कृती, करू द्यावी की नाकारावी हे सांगते. ओळ त्या नोंदीवर थेट लिहिलेली असू शकते किंवा वरच्या ओयूकडून वारशाने आलेली असू शकते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत या ओळी ठरावीक क्रमाने वाचल्या जातात. प्रथम थेट नकार, नंतर थेट मुभा, त्यानंतर वारशाने आलेला नकार आणि शेवटी वारशाने आलेली मुभा. 'नकार नेहमी मुभेवर मात करतो' हे पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. थेट दिलेली मुभा वारशाने आलेल्या नकाराच्या आधी वाचली जाते व तीच लागू होते.

एखादी नोंद हटवण्यासाठी सर्व्हर दोन ठिकाणी पाहतो. विनंती करणाऱ्याला त्या नोंदीवरच 'हटवा' हा अधिकार आहे का, हे पहिले ठिकाण. पालक-नोंदीवर त्याला त्या प्रकारचे 'अपत्य हटवा' हा अधिकार आहे का, हे दुसरे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत या दोहोंपैकी एक अधिकार पुरेसा असतो. युनिक्स प्रणालींमध्ये फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर नसून तिच्या फोल्डरवर अवलंबून असतो, त्याच्याशी या दुसऱ्या अधिकाराचे साम्य आहे.

या 'दोहोंपैकी एक' नियमाचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. नोंदीवर नकार लिहिलेला असूनही पालकावरील मुभेने ती हटू शकते, म्हणून खात्री हवी असल्यास दोन्ही ठिकाणी नकार लिहावा लागतो. उलट, एका वाटेने मिळालेला अधिकार अडला, तर दुसऱ्या वाटेने तो देता येतो. दुरुस्तीचे बरेचसे काम या दुसऱ्या वाटेच्या शोधाचेच असते.

नोंद एका ओयूमधून दुसऱ्यात हलवणे हीदेखील सर्व्हरच्या दृष्टीने जुन्या जागेवरून हटवणे व नव्या जागी निर्माण करणे आहे. त्यामुळे पुसदहून वणीला बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते हलवताना पुसदमध्ये हटवण्याचा आणि वणीमध्ये अपत्य निर्माण करण्याचा, असे दोन्ही अधिकार लागतात; नोंदीच्या नावाशी संबंधित गुणधर्म लिहिण्याचा अधिकारही असावा लागतो. ज्याच्याकडे फक्त पुसद सोपवलेले आहे, त्याला ही बदली पूर्ण करता येत नाही आणि संदेश मात्र तोच मिळतो.

अपघाती हटवणुकीपासून संरक्षण

प्रशासकालाही नकार मिळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अपघाती हटवणुकीपासूनचे संरक्षण. विंडोज सर्व्हर २००८ पासून व्यवस्थापन-साधनात यासाठी एक चौकट आली, आणि त्या साधनातून नवा ओयू तयार करताना तिच्यात आधीच खूण केलेली असते. त्यापूर्वी चुकीच्या ओयूवर उजवी टिचकी देऊन 'होय' म्हणणारा प्रशासक एका क्षणात शेकडो खाती घालवू शकत असे. वरच्या उदाहरणात 'यवतमाळ' ओयू गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी १६ तालुक्यांत कोणालाही संगणकात प्रवेश करता येणार नाही.

या चौकटीमागे स्वतंत्र अशी कोणतीही यंत्रणा नाही. खूण केली की साधन 'एव्हरीवन', म्हणजे सर्वांसाठी, नकाराच्या थेट ओळी लिहिते. नोंदीवर 'हटवा' आणि 'पोटशाखेसह हटवा' यांना नकार दिला जातो, तर पालक-नोंदीवर 'सर्व अपत्ये हटवा' याला. 'सर्वां'मध्ये डोमेन-प्रशासकही येतो. नकार थेट असल्याने तो प्रथम वाचला जातो आणि कितीही मोठ्या गटाचे सदस्यत्व त्यापुढे चालत नाही. अशा वेळी दिसणारा संदेश स्वतःच दोन कारणे 'किंवा'ने जोडून सांगतो, की पुरेसे अधिकार नाहीत किंवा नोंद अपघाती हटवणुकीपासून संरक्षित आहे. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात पहिला अर्धाच राहतो.

संरक्षण काढण्यासाठी व्यवस्थापन-साधनाच्या 'व्ह्यू' मेनूतील 'ॲडव्हान्स्ड फीचर्स' सुरू करावे लागते. एरवी गुणधर्मांच्या खिडकीतील 'ऑब्जेक्ट' हे पान दिसतच नाही. त्या पानावरील खूण काढून 'ओके' केले की नोंद हटवता येते. पॉवरशेलमधून सेट-एडीऑब्जेक्ट या आज्ञेने हेच करता येते. खूण काढणे म्हणजे प्रवेश-नियंत्रण यादी बदलणे. म्हणून यादी बदलण्याचा अधिकार नसलेल्या, केवळ खाती सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला ती काढता येत नाही. हलवण्यातही हटवणे अंतर्भूत असल्याने संरक्षित ओयू दुसरीकडे हलवतानाही खूण आधी काढावी लागते व हलवून झाल्यावर पुन्हा करावी लागते. हे शेवटचे काम विसरले जाण्याचे प्रमाण मोठे आहे.

खूण काढल्यावर नोंदीवरील नकार जातो, पण पालकावरील 'सर्व अपत्ये हटवा' हा नकार तसाच राहतो, कारण त्या पालकाची इतर अपत्ये संरक्षित असू शकतात. वरील उदाहरणात १६ तालुक्यांचे ओयू संरक्षित असल्याने 'यवतमाळ' ओयूवर हा नकार कायमचा बसलेला असतो. समजा, जिल्ह्यातील खाती हटवण्याचे काम एका मदतकक्ष-गटाकडे सोपवले आणि त्यासाठी 'यवतमाळ'पासून खाली सर्वत्र 'वापरकर्ता-अपत्य हटवा' ही मुभा दिली. हा गट पुसद किंवा घाटंजीमधील खाते विनासायास हटवतो. मुख्यालयातील, थेट 'यवतमाळ'मध्ये ठेवलेले खाते मात्र त्याला हटवता येत नाही. तेथे एकाच नोंदीवर थेट नकार व थेट मुभा समोरासमोर येतात आणि नकार जिंकतो. तो नकार खाली वारशाने उतरत नसल्याने तालुक्यांत अडचण येत नाही. पुढे पुसद ओयूमध्ये कोणी संरक्षित पोट-ओयू तयार केला, तर काल चालणारे काम पुसदमध्येही थांबते, आणि परवानग्या कोणीही 'बदललेल्या' नसतात.

डोमेन-प्रशासकाला ही अडचण जाणवत नाही. वापरकर्ता-खात्यावर त्याला निर्मितीपासूनच पूर्ण नियंत्रणाची थेट मुभा असते, त्यामुळे पालकावरील नकाराची वाट त्याला घ्यावीच लागत नाही. 'माझ्याकडे चालते, तुझ्याकडे का नाही' हा मदतकक्ष व प्रशासक यांच्यातील नित्याचा संवाद येथून उद्भवतो. यावर मदतकक्ष-गटाला डोमेन-प्रशासक करणे हा जो उपाय सर्रास केला जातो, तो धोकादायक आहे. योग्य उपाय लहान आहे. त्या गटाला वंशज वापरकर्ता-नोंदींवर 'हटवा' हाच अधिकार वारशाने द्यावा. मग पालकावरचा नकार तसाच ठेवून, नोंदीवरच्या मुभेने खाते हटते, आणि तालुक्यांचे ओयू पूर्वीइतकेच सुरक्षित राहतात.

पोटनोंदी असलेली नोंद

ओयूखाली खाती असतात हे उघड आहे. पण एखाद्या संगणकाच्या किंवा वापरकर्त्याच्या नोंदीखालीही नोंदी असतात, हे व्यवस्थापन-साधनात सहसा दिसत नाही. संगणकाच्या डिस्कला बिटलॉकरने कुलूप लावले असेल व पुनर्प्राप्ती-किल्ली निर्देशिकेत साठवली असेल, तर ती किल्ली त्या संगणकाच्या नोंदीचे अपत्य म्हणून राहते. सामायिक छपाईयंत्राची प्रसिद्ध केलेली रांग संगणकाखालीच असते. हायपर-व्हीवर चालणारा आभासी संगणकही आपल्या नोंदीखाली एक सेवा-नोंद निर्माण करतो. एक्सचेंज सर्व्हरवरून मोबाइलवर टपाल घेणाऱ्या वापरकर्त्याच्या खात्याखाली त्याच्या उपकरणांचा कप्पा तयार होतो.

एलडॅपच्या मूळ नियमाप्रमाणे अपत्ये असलेली नोंद हटवता येत नाही. सर्व्हर ६६ क्रमांकाची त्रुटी देतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पोटशाखेसह हटवण्याची सोय आहे, पण तिला त्या नोंदीवर 'पोटशाखेसह हटवा' हा स्वतंत्र अधिकार लागतो. ज्याला केवळ 'संगणक-अपत्य हटवा' हा अधिकार सोपवलेला आहे, तो दहा संगणक हटवतो आणि अकराव्यावर अडतो. अकराव्याखाली किल्ली असते. त्रुटी अधूनमधून, कोणत्याही उघड कारणाशिवाय येत असेल, तर सर्वप्रथम पोटनोंदी शोधाव्यात. व्यवस्थापन-साधनात वापरकर्ते, गट व संगणक यांना कप्प्यांसारखे दाखवण्याचा पर्याय सुरू केला की त्या दिसू लागतात.

'पोटशाखेसह हटवा' हा अधिकार देताना विचार करावा लागतो. तो असला की खालच्या नोंदींवरच्या परवानग्या तपासल्याच जात नाहीत. खाली एखादा संरक्षित ओयू असला, तरी वरच्यासोबत तो जातो. पॉवरशेलमधील पोटशाखेसह हटवणाऱ्या आज्ञाही याच प्रकारे वागतात. म्हणून सर्वांत वरच्या ओयूवरील खूण काढलेली राहिली, तर तिच्याखालच्या १६ खुणांचा उपयोग उरत नाही. संगणकाबाबतचा धोका वेगळा आहे. नोंदीसोबत बिटलॉकरची किल्लीही निघून जाते, आणि तो संगणक कपाटात पडून असेल, तर त्यातील माहिती उघडण्याचा मार्ग बंद होऊ शकतो.

प्रशासकीय गटांतील खाती

डोमेन-प्रशासक व तत्सम गटांच्या सदस्यांची खाती निर्देशिकेत वेगळी वागवली जातात. ॲडमिनएसडीहोल्डर नावाच्या एका नोंदीवर या खात्यांसाठीची नमुना-यादी ठेवलेली असते. एक अंतर्गत प्रक्रिया दर ६० मिनिटांनी चालते, अशा प्रत्येक खात्याची यादी नमुन्याशी ताडते, फरक आढळल्यास ती नमुन्याप्रमाणे करते आणि वरून येणारा वारसा बंद करते. यामुळे मदतकक्षाला ओयूवर दिलेला, वारशाने उतरणारा 'हटवा' हा अधिकार या खात्यांपर्यंत पोहोचत नाही. कोणी हाताने परवानगी जोडली, तर तासाभरात ती नाहीशी होते. 'सकाळी दुरुस्त केले, दुपारी पुन्हा तीच त्रुटी' अशा तक्रारीचे हे ठळक लक्षण होय.

खाते पुढे प्रशासकीय गटातून काढले, तरी बंद झालेला वारसा आपोआप सुरू होत नाही आणि 'ॲडमिनकाउंट' या गुणधर्मातील १ हा आकडाही तसाच राहतो. सेवानिवृत्त प्रशासकाचे खाते मदतकक्षाला हटवता न येण्यामागे अनेकदा हेच कारण असते. खाते आता कोणत्याही विशेष गटात नाही याची खात्री करून तो गुणधर्म रिकामा करणे व 'सिक्युरिटी' पानावरून वारसा पुन्हा सुरू करणे, हा त्यावरील उपाय आहे.

येथे एक पळवाटही आहे. नमुना-यादी खात्यावर बसते, पालक-ओयूवर नाही. पालकावर 'वापरकर्ता-अपत्य हटवा' असा अधिकार असलेला सामान्य कर्मचारी त्या ओयूमधील प्रशासकाचे खातेही हटवू शकतो. प्रशासकांची खाती सामान्य कर्मचाऱ्यांच्या ओयूमध्ये न ठेवण्याची शिफारस केली जाते, तिच्या कारणांपैकी हे एक आहे.

परवानगीशी संबंध नसलेले नकार

काही नोंदी कोणत्याही परवानगीने हटत नाहीत. अंगभूत 'ॲडमिनिस्ट्रेटर' व 'गेस्ट' खाती, तसेच प्रणालीने अत्यावश्यक म्हणून खूण केलेल्या नोंदी हटवण्यास सर्व्हर ५३ क्रमांकाच्या, म्हणजे 'करण्यास राजी नाही' अशा त्रुटीने नकार देतो. एखाद्या वापरकर्त्याचा प्राथमिक गट असलेला गटही, त्या वापरकर्त्याला दुसरा प्राथमिक गट दिल्याखेरीज हटत नाही. अशा ठिकाणी यादीत बदल करत राहणे व्यर्थ आहे.

उलट प्रकारही घडतो. अधिकार योग्य दिलेला असतो, पण तो अद्याप लागू झालेला नसतो. गटाचे सदस्यत्व प्रवेशाच्या वेळी सत्रात नोंदवले जाते, म्हणून नव्या गटात घातलेल्या व्यक्तीने एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे आवश्यक असते. डोमेन कंट्रोलरवरच बसून काम करणाऱ्या प्रशासकाने साधन 'प्रशासक म्हणून' सुरू केले नसेल, तर विंडोज त्याचे वाढीव अधिकार बाजूला ठेवते. शिवाय यादीतील बदल एका डोमेन कंट्रोलरवरून दुसऱ्यावर पोहोचण्यास वेळ लागतो. एकाच ठिकाणच्या सर्व्हरांमध्ये हा वेळ सेकंदांचा असतो. दोन ठिकाणांमधील जोडणीची मूळ ठेवण मात्र १८० मिनिटांची आहे. मुख्यालयात संरक्षणाची खूण काढली आणि उमरखेडच्या सर्व्हरला जोडलेल्या साधनातून लगेच हटवण्याचा प्रयत्न केला, तर नकार मिळणारच. दोन्ही कामे एकाच सर्व्हरला जोडून करावीत.

निदान व दुरुस्ती

त्रुटीचा क्रमांक प्रथम पाहावा. एलडॅपमधील ५० आणि विंडोजमधील ५ किंवा ८३४४ हे क्रमांक अधिकाराचे आहेत. ६६ पोटनोंदींचा, ५३ प्रणालीच्या नकाराचा, ३२ नावाचा किंवा, पुढे येणार आहे त्याप्रमाणे, लपवलेल्या नोंदीचा. त्यानंतर संरक्षणाची खूण पाहावी, कारण ती तपासण्यास सर्वांत कमी वेळ लागतो व ती कारण असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

खूण नसेल, तर नोंदीची व पालकाची, अशा दोन्ही याद्या वाचाव्या लागतात. 'ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' खिडकीतील 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' हे पान विशिष्ट व्यक्तीला प्रत्यक्षात काय करता येईल याचा हिशेब मांडते. तो केवळ नोंदीवर पाहून न थांबता पालकावरही पाहावा. डीएसॲक्ल्स ही जुनी आज्ञा संपूर्ण यादी मजकूर-रूपात देते व त्यात नकाराच्या ओळी पटकन सापडतात. यादीत 'एस-१-५' ने सुरू होणारे, नाव नसलेले क्रमांक दिसतात. बहुधा ती पूर्वीच हटवलेल्या खात्यांची शिल्लक असते. त्यांच्यामुळे हटवणे अडत नाही, तरी नवख्याचे लक्ष प्रथम त्यांच्याकडेच जाते.

क्वचित एखादी नोंद अशी सापडते की तिची यादी प्रशासकालाही वाचता येत नाही. एखाद्याने चुकून सर्वांना सर्वच कृतींचा नकार लिहिला, की असे होते. विंडोजच्या पद्धतीत नोंदीच्या मालकाला यादी वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार सामान्यतः यादीत न लिहिताही असतो, आणि प्रशासकांना कोणत्याही नोंदीची मालकी घेण्याचा विशेषाधिकार असतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी मालकी घ्यावी, मग नकाराची ओळ काढावी, खिडकी बंद करून पुन्हा उघडावी आणि नंतरच हटवावे. मालकी घेतल्याने हटवण्याचा अधिकार मिळत नाही, केवळ यादी बदलण्याचा मिळतो. मधली पायरी गाळणाऱ्याला पुन्हा तोच संदेश दिसतो.

कोणी काय हटवले याची नोंद ठेवायची असल्यास निर्देशिका-बदलांचे लेखापरीक्षण आधीच सुरू असावे लागते. तसे असल्यास प्रत्येक हटवणुकीची घटना ५१४१ या क्रमांकाने सुरक्षा-नोंदवहीत उमटते. घटना घडून गेल्यावर लेखापरीक्षण सुरू करण्याचा त्या घटनेपुरता उपयोग नसतो.

इतर निर्देशिका सेवांमध्ये

ओपनएलडॅप या मुक्त सेवेत नियम अधिक कडक आहे. तेथे हटवायच्या नोंदीवर व पालकाच्या 'चिल्ड्रन' या आभासी गुणधर्मावर, असे दोन्ही ठिकाणी लेखनाचा अधिकार असावा लागतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील 'किंवा' येथे 'आणि' होतो. विंडोजमधून लिनक्सकडे वळलेले प्रशासक नेमके येथे अडखळतात, कारण नोंदीवर लेखन दिले की काम होईल अशी त्यांची अपेक्षा असते. ओपनएलडॅपचे नियम वरून खाली वाचले जातात व पहिला जुळणारा नियम लागू होऊन वाचन थांबते. त्यामुळे योग्य नियम लिहिलेला असूनही तो एखाद्या व्यापक नियमाच्या खाली असल्याने निष्प्रभ राहतो. नोंदीचे अस्तित्व उघड करण्याची परवानगीही तेथे वेगळी आहे. ती नसलेल्याला 'परवानगी नाही' असे न सांगता 'अशी नोंद नाही' असे उत्तर मिळते. संरचनेत नेमलेला मूळ प्रशासक मात्र या सर्व नियमांच्या बाहेर असतो.

नॉव्हेलच्या सेवेत वारशाने येणारे अधिकार गाळणारी चाळणी कोणत्याही नोंदीवर बसवता येत असे, आणि ती सर्वोच्च अधिकारही अडवू शकत असे. एखाद्या शाखेचा एकमेव स्थानिक प्रशासक हटवला गेला आणि चाळणी तशीच राहिली, तर ती शाखा मुख्य प्रशासकाच्याही हाताबाहेर जाई.

हटवल्यानंतर

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत हटवलेली नोंद लगेच नष्ट होत नाही. तिचे बहुतेक गुणधर्म काढून घेऊन ती 'डिलीटेड ऑब्जेक्ट्स' या लपवलेल्या कप्प्यात खूण म्हणून ठेवली जाते, म्हणजे हटवल्याची वार्ता इतर सर्व सर्व्हरांपर्यंत पोहोचते. हा काळ सुरुवातीला ६० दिवसांचा होता. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्याने उभारलेल्या निर्देशिकांत तो १८० दिवसांचा आहे. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून निर्देशिकेसाठी पुनर्प्राप्ती-पेटीची सोय आली. ती सुरू केलेली असल्यास गटांच्या सदस्यत्वासह नोंद जशीच्या तशी परत आणता येते. मात्र ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि एकदा सुरू केल्यावर बंद करता येत नाही.

पेटी सुरू नसताना चुकून हटवलेले खाते त्याच नावाने पुन्हा तयार करणे, हा प्रथम सुचणारा मार्ग आहे. नव्या खात्याला नवा सुरक्षा-क्रमांक मिळतो. फाइलींवरील, फोल्डरांवरील व गटांमधील जुने अधिकार पूर्वीच्या क्रमांकाला दिलेले असल्याने ते या खात्याला लागू होत नाहीत, आणि नाव, पद व कार्यालय सारे तेच असलेल्या कर्मचाऱ्याला स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत. याच कारणाने अनेक संस्थांत निवृत्त किंवा बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते लगेच हटवत नाहीत. ते प्रथम निष्क्रिय करून वेगळ्या ओयूमध्ये हलवले जाते व ठरावीक मुदतीनंतर हटवले जाते. निष्क्रिय करण्यासाठी हटवण्याचा अधिकार लागत नाही, खात्याच्या एका गुणधर्मात लिहिण्याचा अधिकार पुरतो; त्यामुळे हटवण्याची परवानगी-त्रुटी सुटेपर्यंत जुन्या खात्यातून होऊ शकणारा प्रवेश तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो.